बगळ्याचा ओंडका

१

मुकादम मेला होता, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तो गस्तवाल्या बगळ्यामुळे मेला, यावरही नव्हतं. मुद्दाम की हलगर्जीपणाने, एवढंच काय ते ठरायचं होतं, आणि ते ठरवायला होडीने एक बाई येणार होत्या.

रेल्वेच्या अपघातांची चौकशी हे बाईंचं काम. कुणी मेलं की त्या हजर, म्हणून लाइनवरचे लोक त्यांना घारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. नाव त्यांच्या कानांवर केव्हाच गेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडलंही होतं. होडी धक्क्याला लागली तेव्हा त्यांना हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. त्या आपल्या आपण चढल्या, छत्री उघडली आणि स्टेशनाकडे निघाल्या.

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. वादळात समुद्राने रुळाखालचा भराव गिळला तेव्हापासून ही गाडी अलीकडे अडकून पडली होती. शेजारचा रस्ताही वाहून गेला होता. आता नवी भिंत उठली होती, भराव झाला होता, रूळ जोडले होते, आणि आज पहिली गाडी पलीकडच्या शहरात जाणार होती. लोक ट्रंकांवर, गाठोड्यांवर, एकमेकांच्या पायांवर बसले होते. नेमका आज सकाळी मुकादम खडकांवर सापडला.

"आलात? चला, एक सही करा आणि सोडा आम्हाला," स्टेशनमास्तरांनी नमस्काराचीही तसदी घेतली नाही.

"कशावर?"

उत्तर दिलं धाकट्या साहेबांनी. दुरुस्तीचं सगळं काम त्यांच्या हाताखाली झालं होतं. "साधी गोष्ट आहे, मॅडम. नव्या भागावर मी परवानगी देईपर्यंत चाक जाता कामा नये, म्हणून रुळांवर आडवा ओंडका साखळीने बांधून ठेवतो. रोज संध्याकाळी तो बांधणं हे गस्तवाल्याचं काम. काल त्याने बांधलाच नाही. गँग जेवायला बसली होती, मुकादम एकटाच ट्रॉली घेऊन शेवटची नजर टाकायला गेला. उतार आहे. ट्रॉली सुसाट सुटली आणि वळणावर उडाली."

"गस्तवाला काय म्हणतो?"

"बांधला होता म्हणतो. मग गेला कुठे? ओंडकाही नाही, साखळीही नाही. त्यातून तो मुकादमाच्या बहिणीचा नवरा. परवाच दोघांची सगळ्यांसमोर जुंपली होती."

"कशावरून?"

"घरगुती काहीतरी असेल," साहेबांनी हात झटकले. "आता आधी रिकामं इंजिन नव्या रुळांवरून फिरवून आणतो आणि मग गाडी सोडतो."

"मी चालत जाऊन येईपर्यंत त्या रुळांवर एक चाकही फिरणार नाही," घारबाई म्हणाल्या.

हे फलाटभर पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी शिवी हासडली आणि पाठोपाठ एक खडा येऊन छत्रीवर आपटला.

२

सोबत आला तो जोडीदार. मुकादम आणि तो उमेदवारीपासून एकाच ट्रॉलीवर होते, मुकादम पुढे आणि हा मागे ब्रेकपाशी. त्यामुळे त्याला दुसरं नावच उरलं नव्हतं. रडून रडून त्याचे डोळे लाल झाले होते. सकाळी प्रेत त्यालाच दिसलं होतं.

"बगळ्याला सोडू नका, बाई," तो वाटेत म्हणाला. लांब पायांचा, वाकून चालणारा गस्तवाला, म्हणून बगळ्या. "माझा भाऊच होता हो तो."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"लेकीजवळ, फलाटावर. दिवस भरत आलेत तिचे. काहीतरी आडवं-तिडवं आहे, पलीकडच्या दवाखान्यातच न्या म्हणालेत. आज गाडी सुटली तर ठीक, नाहीतर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

लाइनच्या डोंगराकडच्या अंगाला एक तळं साचलं होतं. काठावर एक बाई दगडावर शर्ट आपटत होती. आपटणं कसलं, तो शर्ट जणू तिचा वैरी होता.

"मुकादमाची बहीण," जोडीदार पुटपुटला. "बगळ्याची बायको."

"काय धुताय?" घारबाईंनी विचारलं.

"दादाचा शर्ट. चांगल्या कपड्यांत जाऊ दे त्याला." तिने वरही पाहिलं नाही. "तुम्ही त्या चौकशीवाल्या ना? मग चौकशी कसली करताय? टांगा माझ्या नवऱ्याला. माझा दादा खाल्ला त्याने."

"ओंडका बांधला होता असं ते सांगतात."

"सांगेल नाहीतर काय! मी तोंड बघणार नाही त्याचं." तिने शर्टाला पुन्हा साबण फासला. "समुद्राच्या पाण्यात पडलेला माणूस, आणि कॉलरमधली ही पिवळी माती काही सुटत नाही."

घारबाईंनी शर्ट तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. कॉलरच्या घडीत आणि शिवणींत पिवळा मुरूम गच्च बसला होता.

"धुऊ नका हा."

"आता मेलेल्याचा शर्टसुद्धा ठेवायचा नाही का आम्हाला?" बाई उसळून उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यात नुसता राग होता. "घेऊन जा. सगळंच घेऊन जा."

घारबाईंनी शर्ट पिळला आणि पिशवीत टाकला. "हे तळं इथे नेहमी असतं?"

"छे. दुरुस्ती सुरू झाल्यापासून साचलंय. बरंच झालं, ओढ्यापर्यंतची पायपीट वाचली. काल तो दगड कोरडा होता, आज बुडाला."

जोडीदार पुढे निघून गेला होता. एवढ्या दुःखातही माणूस भलताच भरभर चालत होता.

३

वळणाच्या तोंडाशी येईपर्यंत रूळ आरशासारखे चकचकीत होते. दगड-खडीच्या वाघिणी रोज तिथवर येत. तिथून पुढे रूळ तांबडेलाल. वादळाने किनाऱ्यावर फेकून दिलेले रूळच ओढून आणून परत बसवले होते. खाऱ्या हवेत पडून त्यांच्यावर गंजाचा थर चढला होता.

घारबाई वाकल्या. मग चक्क गुडघ्यांवर बसल्या. वयाच्या मानाने ते त्यांना सोपं नव्हतं, पण जोडीदारापुढे त्या कण्हणार नव्हत्या.

चकचकीत भाग संपत होता तिथेच रुळांखालच्या एका स्लीपरला ओंडक्याची लोखंडी कडी होती. तिच्यावर ना ओरखडा, ना घणाचा घाव. लाइनच्या कडेला, समुद्राच्या बाजूला, ट्रॉली उतरवून ठेवायची सपाट जागा केली होती. ओल्या मातीत तिथे चार चाकांच्या खोल खुणा होत्या.

"ट्रॉली इथे उतरवली होती?"

"रोजच उतरवतो की," जोडीदार म्हणाला. "खुणा जुन्या असतील."

काल दुपारी पाऊस झाला होता हे होडीवाल्याने सांगितलं होतं. भिंतीच्या दगडांना धरून घारबाई खाली उतरल्या. वळणाच्या सुरुवातीलाच, काळ्या खडकांत, ट्रॉली उलटी पडली होती. आजूबाजूला नुसता काळा खडक आणि शेवाळ, मुरमाचा कणसुद्धा नाही. शेजारी भिंतीच्या पायात मोरीचं तोंड होतं. डोंगराकडचं पाणी लाइनखालून समुद्रात जावं म्हणून ठेवलेली वाट. मोरीच्या तळाशी पिवळ्या मुरमाचा ढीग ढासळून पडला होता. पाण्याचा थेंबही नव्हता.

त्यांनी ट्रॉलीच्या मागच्या ब्रेककडे पाहिलं. दांडा ओढलेला होता आणि तो सुटू नये म्हणून भोकात खिट्टी नीट घातलेली होती.

वर येऊन त्यांनी गंजलेल्या रुळावर पिशवीतलं किल्ल्यांचं जुडगं एकदाच घासलं. झर्रकन पांढरी रेघ उमटली.

"हे बघा," त्या जोडीदाराला म्हणाल्या. "किल्लीने एवढं होतं. भरधाव ट्रॉलीच्या चाकांनी किती झालं असतं? या वळणावर एकही रेघ नाही. ट्रॉली इथून गेलीच नाही."

तेवढ्यात स्टेशनाकडून इंजिनाची शिटी वाजली आणि रुळांमधून घरघर ऐकू येऊ लागली. त्यांना न विचारता इंजिन सोडलं होतं.

४

घारबाईंनी छत्री मिटली आणि त्या रुळांच्या मधोमध उभ्या राहिल्या. इंजिन त्यांच्यापासून हातभर अंतरावर कसंबसं थांबलं. चालक लाल तोंडाने खाली उतरला. "मरायचंय का तुम्हाला?"

"कुणी सोडलं?"

"साहेबांनी! तुम्ही हो म्हणालात असं सांगितलं त्यांनी."

इंजिन एकदा का वळणावरून फिरलं असतं की तांबड्या रुळांची साक्ष पुसली गेली असती. साहेबांना त्याची जाणीव होती का, की नुसतीच घाई होती? इंजिनावरून परत जाताना घारबाई याच प्रश्नाशी खेळत होत्या.

बगळ्याला स्टेशनातल्या सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. फावडी आणि घमेल्यांमध्ये तो पाय दुमडून बसला होता. सकाळपासून त्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

"सगळे विचारून गेले," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुम्हीही विचारा. बांधला होता. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. झालं?"

"मी ते विचारणारच नाही. मुकादमाशी भांडण कशावरून झालं?"

त्याने पहिल्यांदा मान वळवली. "मोरीवरून. मी त्याला म्हटलं, मोरी वाहत नाहीये, मागे पाणी चढतंय, भराव आतून भिजून सुटेल. तो म्हणाला, तू पाय चालव, अक्कल चालवू नको. चारचौघांत बोलला, मग मीही बोललो."

"मोरी का तुंबेल?"

"भराव टाकताना दगड आत जाऊ नये म्हणून डोंगराकडच्या तोंडात वाळूच्या गोण्या भरतात. काम झालं की काढायच्या. काढल्या म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना."

"कुणी काढल्या?"

"जोडीदाराने."

"आणि मोरी मोकळी आहे हे तपासलं कुणी?"

"साहेबांनी. म्हणजे तसं ते म्हणाले."

"ओंडक्याच्या कुलपाच्या किल्ल्या किती?"

"एक माझी." त्याने गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली दाखवली. "दुसरी साहेबांकडे."

बाहेर दारावर धपाधप बुक्क्या बसू लागल्या. मास्तरांचा आवाज आला, "मॅडम, लोक आता ऐकत नाहीत! गाडीत चढून बसलेत सगळे!"

५

घारबाई फलाटावर आल्या तर खिडक्या-खिडक्यांतून लोक त्यांना लाखोली वाहत होते. पहिल्या डब्याच्या खिडकीत एक अवघडलेली तरुण बाई डोळे मिटून बसली होती. जोडीदार खिडकीखाली उभा राहून तिला वारा घालत होता.

साहेब पुढे आले. "झाली चौकशी? करताय सही?"

"करते," घारबाई म्हणाल्या. "एकच अट. पहिल्या डब्यात तुम्ही बसायचं, आणि तुमच्याशेजारी जोडीदार."

"मी कशाला? मला इथे कामं आहेत."

"स्वतः बांधलेल्या भिंतीवरून जायला कसलं काम आडवं येतंय?"

शिव्या जरा कमी झाल्या. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो! खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"ऐका तर," घारबाईंनी आवाज चढवला. "मुकादम ट्रॉलीवरून पडून मेला नाही. पुढच्या रुळांवरचा गंज जसाच्या तसा आहे. ट्रॉली वळणाअलीकडे, लाइनच्या कडेला उतरवून ठेवली होती. चाकांच्या खुणा पावसानंतरच्या आहेत. ती उचलायला दोन माणसं लागतात, म्हणजे मुकादम एकटा नव्हता. ब्रेकला खिट्टी लावलेली आहे. खडकांवर कोसळणारा माणूस खिट्टी लावत बसत नाही. ती लावतो ट्रॉलीवरून उतरणारा माणूस, आणि तोही ज्याच्या हाताला ती सवय जडलीय असा. ब्रेक पुढच्या माणसाकडे नसतो, मागच्याकडे असतो."

जोडीदाराचा हात वारा घालता घालता थांबला.

"मुकादमाच्या कॉलरमध्ये पिवळा मुरूम आहे. खडकांवर मुरूम नाही, मोरीत आहे. तो मोरीत शिरला होता. का? मोरी वाहत नाही म्हणून. परवा मेहुण्याला चारचौघांत झिडकारलं, पण बोलणं मनात राहिलं असणार. वरचा भराव ढासळला आणि तो आत गाडला गेला. हा अपघातच. पण खरं सांगितलं तर गोण्या तशाच राहिल्यात हे बाहेर येणार आणि गाडी सुटणार नाही. म्हणून प्रेत खडकांवर आणलं आणि कडेला ठेवलेली ट्रॉली वरून ढकलून दिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पुढे ओंडका बांधलेला असताना ट्रॉली वळणावर जाईल कशी? ओंडका काढला. कडी अभंग आहे, म्हणजे साखळी तोडलेली नाही. कुलूप किल्लीने उघडलंय. बगळ्याची किल्ली त्याच्या गळ्यात आहे. दुसरी कुठे आहे, साहेब?"

"हे सगळे तर्क आहेत," साहेब म्हणाले, पण त्यांचा हात नकळत खिशावर गेला होता. "जोडीदार काल इथे फलाटावर होता. विचारा त्याच्या मुलीला."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. मुलीने डोळे उघडले. बापावर काय बेतलंय हे तिला कळलंच नव्हतं. "होते की," ती म्हणाली. "जेवणाच्या आधी मात्र गेले होते. बाबा, तुम्हीच नाही का म्हणालात, मुकादमकाकांबरोबर मोरीवर जाऊन येतो?"

जोडीदाराने खिडकीचे गज घट्ट धरले.

साहेबांनी मात्र हात उंचावला. "गार्ड! शिटी द्या! मी सांगतोय, एक गाडी सहज जाईल!"

शिटी वाजली. डबे हलले. जोडीदार गज सोडून फलाटाच्या टोकाकडे धावत सुटला आणि धाडकन रुळांवर उडी मारून इंजिनासमोर आडवा झाला.

"थांबवा! माझी पोर आहे आत! भिंत बसणार आहे, थांबवा!"

६

इंजिन त्याच्या पुढ्यात थांबलं. त्याने पडल्या पडल्याच सगळं ओकून टाकलं. गोण्या काढायच्या त्याच दिवशी लेकीला त्रास सुरू झाला होता. तो तिच्याकडे धावला आणि काढल्या म्हणून सांगून बसला. मग त्या तोंडावर पाणी चढलं आणि धीर झाला नाही. साहेबांनी न बघताच मान डोलावली. मुकादमाला त्याने पाय धरून मोरीतून ओढलं, पण श्वास उरला नव्हता. तो रडत साहेबांकडे गेला. एक गाडी जाऊ दे, तुझी मुलगी पोचू दे, मग गुपचूप गोण्या काढू, असं साहेब म्हणाले. ओंडका दोघांनी मिळून समुद्रात लोटला होता.

"बगळ्याचं काय होईल याचा विचार केला नाहीस?" घारबाईंनी विचारलं.

"केला," जोडीदार म्हणाला. "आणि पुन्हा पोरीचाच केला."

घारबाईंना त्याचा संताप आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम येणं त्यांना मुळीच आवडत नसे. त्यांनी आपली होडी मुलीला दिली आणि मास्तरांना तिच्याबरोबर धाडलं. मास्तर कुरकुरले, पण गेले.

उन्हं कलायच्या आत वळणावरचा भराव धसला. तांबडे रूळ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबू लागले. लोकांनी ते फलाटावरून पाहिलं, आपापल्या ट्रंका उतरवल्या, आणि जाता जाता घारबाईंकडे असं बघितलं की जणू भिंत त्यांनीच ढकलली होती. कुणी आभार मानले नाहीत. त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं तरी बगळ्या बाहेर येईना. गँगमधले दोघे-तिघे चहा घेऊन दाराशी उभे होते. त्याने कपाला हात लावला नाही. मग त्याची बायको आली. तिचे हात अजून साबणाने पांढरे होते.

"घरी चल," ती म्हणाली.

"सगळ्यांनी विचारलं मला," बगळ्या म्हणाला. "मास्तरांनी, साहेबांनी, या लोकांनी. शिव्या देऊन का होईना, पण विचारलं. तू नाही विचारलंस."

"आता विचारते."

"आता काय, सगळ्या गावाला माहीत आहे."

तिने खाली मान घातली. दादासाठी जे रडू सकाळपासून अडलं होतं ते आता आलं, आणि त्याने तिला थोपवलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळाने तो उठला. कोपऱ्यातला एक जुना ओंडका त्याने खांद्यावर घेतला. धसलेल्या लाइनवर चुकूनही चाक जाऊ नये म्हणून तो बांधायलाच हवा होता. साखळी त्याच्या मागे जमिनीवर खडखडत फरफटू लागली.

बायको दारात उभी राहून बघत होती. मग तिने पदराने तोंड पुसलं, झपझप पुढे गेली आणि साखळीचं लोंबतं टोक उचलून हातात धरलं. बगळ्याने मागे वळून पाहिलं नाही. पण खडखड थांबली होती, आणि ती का थांबली हे त्याला कळलं होतं, कारण त्याच्या लांब पायांनी चाल थोडी कमी केली.